भिंत सांगा, चित्र सांगू नका

नव्या घराचे किंवा कार्यालयाचे आतले काम संपत आले की एखादी मोठी भिंत रिकामी उरते. ती जिन्यासमोरची असते, स्वागतकक्षातली असते, नाहीतर दिवाणखान्यातली सोफ्यामागची. तिथे छापील वॉलपेपर किंवा दुकानातली तयार फ्रेम न लावता त्याच जागेसाठी चित्रकाराकडून अमूर्त भित्तिचित्र करून घ्यावे, असा विचार मनात येतो आणि तो चांगलाच आहे. घोळ होतो तो पहिल्या बैठकीत. काम देणारा मोबाइलवर दहा-बारा चित्रे दाखवतो. यातला निळा हवा, त्यातले सोनेरी फटकारे हवेत, शिवाय सोफ्याच्या कापडाशी जुळणारा राखाडी हवा. चित्रकार मान डोलावतो. भिंतीला मागच्या पावसाळ्यात ओल आली होती का, दुपारनंतर तिच्यावर ऊन येते का, माणसे तिच्यासमोर बसणार आहेत की तिच्यावरून पुढे जाणार आहेत, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. माझे म्हणणे असे की काम देणाऱ्याने जागेबद्दल सगळे सांगावे, समोरच्याला कंटाळा येईपर्यंत सांगावे. आणि चित्र कसे दिसावे याबद्दल शक्य तितके कमी बोलावे. प्रसंगचित्र असेल तर विषय दोघांमध्ये आधीच ठरलेला असतो. राज्याभिषेक म्हटले की काय दिसणार याची कल्पना दोघांच्याही डोळ्यांसमोर असते. अमूर्त चित्रात असा विषय नसतो. उरतात आकार, रंग, कडा, लय, उजेड आणि पाहणाऱ्याचे अंतर. यातल्या बहुतेक गोष्टी जागेतून येतात. म्हणून जागेची माहिती हाच अशा चित्राचा खरा मजकूर.

याचा सर्वांत ठोस पुरावा एका घराच्या दारातच सापडतो. १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये कलासंग्राहक पेगी गुगेनहाइम हिने जॅक्सन पोलॉक या एकतीस वर्षांच्या चित्रकाराशी करार केला. पोलॉकला तेव्हा फारसे कोणी ओळखत नव्हते. पेगीच्या काकांनी काढलेल्या संग्रहालयात तो हातकामाची नोकरी करत होता. करारानुसार त्याला महिन्याला १५० डॉलर मिळणार होते आणि मॅनहॅटनमधल्या तिच्या घराच्या प्रवेशदालनासाठी त्याने एक प्रचंड चित्र करायचे होते. चित्राची मापे भिंतीवरून ठरली : उंची सुमारे ८ फूट, लांबी सुमारे २० फूट. काय रंगवायचे आणि कसे रंगवायचे यावर मात्र कसलीही अट नाही, असे पोलॉकने भावाला लिहिलेल्या पत्रात कळवले होते. एवढे मोठे कापड ताणायला जागा हवी म्हणून त्याने आपल्या राहत्या जागेतली मधली भिंत पाडली. त्यातून जे चित्र निघाले, त्याने पोलॉकची पुढची वाट ठरवली. डावीकडून उजवीकडे धावत जाणारे काळे, पिवळे, गुलाबी वळसे चालत आत येणाऱ्या माणसासाठीच आहेत. खुर्चीत बसून न्याहाळण्याच्या भिंतीसाठी ते निघाले नसते. हे चित्र त्याने एका रात्रीत उरकले अशी दंतकथा पुढे बरीच वर्षे सांगितली गेली. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेतल्या तज्ज्ञांनी २०१२ ते २०१४ या काळात चित्राची तपासणी आणि जतनकाम केले, तेव्हा खालचे थर वाळल्यावर वरचे थर दिलेले स्पष्ट दिसले. दंतकथा खोटी ठरली. वास्तुशांतीची तारीख पुढे करून चार दिवसांत भिंत भरून मागणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे की थरांना वाळायला वेळ लागतो आणि त्या वेळेत चित्रकार पाहत, ठरवत असतो.

त्याच करारातली आणखी एक गोष्ट आपल्याला फार उपयोगी आहे. चित्र थेट भिंतीवर न काढता कॅनव्हासवर काढावे, म्हणजे पुढे हलवता येईल, असा सल्ला कलावंत मार्सेल द्युशाँ याने दिला होता. पेगी पुढे व्हेनिसला गेली, घर सुटले आणि चित्र आयोवा विद्यापीठाला देणगी म्हणून मिळाले. २००८ मध्ये आयोवा नदीला पूर आला तेव्हा ते वेळीच हलवता आले. हा सल्ला मुंबई, ठाणे किंवा पुण्यात राहणाऱ्यांसाठी तर सोन्यासारखा आहे. तीस-चाळीस वर्षांच्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत, आणि गिलाव्यावर रंगवलेले चित्र इमारतीबरोबर राडारोड्यात जाते. कॅनव्हासवर रंगवून चौकटीसकट भिंतीवर बसवलेले, किंवा पॅनेलांच्या तुकड्यांत केलेले चित्र नव्या घरी नेता येते. अर्थात थेट भिंतीवर रंगवण्याची मजा वेगळी असते. कड दिसत नाही, चित्र आणि वास्तू एकजीव होतात. ज्याला ते हवे असेल त्याच्यासाठी अमेरिकी चित्रकार सोल लेविट याने १९६८ पासून एक वेगळीच वाट घालून दिली. त्याचे भित्तिचित्र म्हणजे लेखी सूचना आणि एक प्रमाणपत्र. जुनी भिंत सरळ रंगवून टाकायची आणि नव्या जागी त्याच सूचनांप्रमाणे दुसऱ्या हातांनी ते पुन्हा काढायचे. लेविट २००७ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या एका संग्रहालयात त्याची १०५ भित्तिचित्रे इतरांच्या हातांनी उभी राहिली. भूमितीचे आकार आणि सपाट रंग असलेल्या चित्राला ही रीत लागू पडते. हाताच्या ओघावर, ब्रशच्या ओरखड्यावर उभ्या असलेल्या चित्राला ती लागू पडत नाही. म्हणून आपण या घरात किती वर्षे असणार, हा प्रश्न चित्राच्या शैलीच्याही आधी येतो आणि त्याचे उत्तर फक्त काम देणाऱ्याकडेच असते.

आता उलट बाजू. स्वातंत्र्य दिले, पैसे दिले, जागाही दिली, तरी काम मोडू शकते. १९५८ मध्ये मार्क रॉथको याला न्यूयॉर्कच्या सीग्रम इमारतीतल्या फोर सीझन्स या नव्या उपाहारगृहासाठी चित्रमाला करायचे काम मिळाले. मोबदला ३५,००० डॉलर, म्हणजे त्या काळी फार मोठी रक्कम. रॉथकोने जुन्या व्यायामशाळेची जागा भाड्याने घेतली, तिथे जेवणघराच्या मापाची चौकट उभारली आणि गडद तांबूस, करड्या-लाल रंगांची तीसेक चित्रे केली. ती चित्रे माणसाला चारी बाजूंनी गप्प करणारी आहेत. १९५९ मध्ये उपाहारगृह सुरू झाल्यावर तो तिथे जेवायला गेला. तो झगमगाट, ते श्रीमंत गिऱ्हाईक पाहून त्याने चित्रे द्यायला नकार दिला आणि पैसे परत केले. ही जागा कशी असणार याबद्दल त्याची सुरुवातीला काय समजूत होती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण चूक कुणाचीही असो, चित्रकाराला भिंतीची मापे ठाऊक होती आणि त्या भिंतीसमोर संध्याकाळ कशी जाणार हे त्याच्या मनात उतरले नव्हते, एवढे स्पष्ट आहे. त्यांतली नऊ चित्रे पुढे लंडनच्या टेट संग्रहालयाला मिळाली. तिथे त्यांना स्वतंत्र खोली आणि मंद उजेड मिळाला. जेवणाच्या टेबलांसमोर जे चित्र बसत नव्हते, ते तिथे बसले. म्हणून काम देताना खोलीचे नाव सांगून भागत नाही. ‘हॉल आहे’ म्हणण्यापेक्षा रात्री नऊला सगळे घर तिथे जेवते, आजोबा दिवसभर समोरच्या आरामखुर्चीत असतात, मुले भिंतीला टेकून अभ्यासाला बसतात, हे सांगावे. दवाखान्याच्या प्रतीक्षालयात माणूस अर्धा तास काळजीत बसून तीच भिंत पाहतो. लिफ्टसमोरच्या भिंतीकडे तो वीस सेकंद पाहतो. ही दोन चित्रे एक असू शकत नाहीत.

जागेच्या माहितीत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महाग पडणारी गोष्ट म्हणजे उजेड. तो धडाही रॉथकोच्याच कामातून मिळतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या होल्योक सेंटरमध्ये वरच्या मजल्यावरच्या भोजनदालनासाठी त्याने केलेली पाच मोठी चित्रे १९६४ मध्ये बसवली गेली. दालनाला मोठमोठ्या खिडक्या होत्या आणि बाहेरचे दृश्य हवे म्हणून पडदे उघडे राहत. रॉथकोने वापरलेल्या रंगांत लिथॉल रेड हे रंगद्रव्य होते आणि ते उन्हात टिकत नाही. काही वर्षांतच गडद किरमिजी रंग विटून फिकट निळसर झाला. १९७९ पर्यंत चित्रे उतरवून कोठारात ठेवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा दाखवली गेली तेव्हा जुन्या रंगीत छायाचित्रांवरून मूळ छटांचा हिशेब करून प्रोजेक्टरचा रंगीत प्रकाश चित्रांवर टाकण्यात आला. प्रकाश बंद केला की विटलेले चित्र उघडे. जगातल्या नामवंत विद्यापीठाच्या भिंतीवर हे घडले, तर आपल्या पश्चिमेकडच्या काचेसमोर काय होईल याचा विचार आधीच केलेला बरा. ह्यूस्टनच्या प्रार्थनागृहाची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथल्या चौदा चित्रांसाठी रॉथकोने न्यूयॉर्कच्या स्टुडिओत प्रार्थनागृहाच्या भिंतींची हुबेहूब प्रतिकृती उभी केली होती आणि छतातून येणारा उजेड आवरायला पॅराशूटचे कापड वापरले होते. त्याच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये ती वास्तू खुली झाली. टेक्सासचे ऊन न्यूयॉर्कपेक्षा फार प्रखर निघाले. छताखाली आडोसे लावून पाहिले, तरी समाधान झाले नाही. अखेर २०२० मध्ये नवे छत-झरोके बसवून तो प्रश्न बराचसा सुटला. एवढी काळजी घेणाऱ्या चित्रकाराचाही अंदाज चुकला, कारण त्याने तो उजेड त्या जागी उभे राहून पाहिला नव्हता. चित्रकाराला भिंतीसमोर सकाळी, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर असे तीनदा उभे करावे. शक्य असल्यास एकदा ऐन पावसाळ्यात.

पावसाळा हा आपल्याकडचा खास मुद्दा. कोकणपट्टीत आणि मुंबईत बाहेरच्या बाजूची भिंत किंवा न्हाणीघराला लागून असलेली भिंत चित्रासाठी निवडणे धोक्याचे असते. ओल आतून येते, क्षार वर फुटतात, रंगाखाली फुगे येऊन पोपडे सुटतात. आणि चित्रकाराने कितीही भारी रंग वापरला तरी ते थांबत नाही. दोन खोल्यांमधली आतली भिंत सर्वांत सुरक्षित. सिमेंटचा नवा गिलावा असेल तर तो निदान चार आठवडे सुकू द्यावा, कारण ताज्या सिमेंटमधला अल्कली रंगद्रव्ये खातो. पुट्टी, प्रायमर आणि त्यावरचा पाया चित्रकाराच्या देखरेखीखाली व्हावा. रंगारी आपल्या सवयीने चकचकीत हात मारून गेला तर त्यावर चित्राचा रंग धरत नाही. ही चिंता आजची नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत रंगाला हात घालण्याआधी कातळावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेला गिलावा चढवला आहे, त्यावर पांढरा पातळ थर दिला आहे, आणि त्यानंतर रेषा आली आहे. रंगांच्या नळ्यांवर उजेडात टिकण्याची श्रेणी छापलेली असते. वरच्या श्रेणीचेच रंग वापरण्याची अट घालावी. दिव्यांची निवड चित्राआधी झालेली असावी. पिवळसर दिव्याखाली निळे मावळतात आणि पांढऱ्या दिव्याखाली मातकट रंग कोरडे दिसतात. रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक नव्वदच्या वर असलेले दिवे थोडे महाग पडतात, पण भित्तिचित्रावर खर्च केल्यावर तिथे हात आखडण्यात अर्थ नाही. वातानुकूलन यंत्राचा झोत कुठे येतो, फॉल्स सिलिंगची कड कुठे संपते, पुढे सोफा आला तर चित्राचा खालचा किती भाग झाकला जाईल, स्विचबोर्ड कुठे आहे, या गोष्टी कागदावर मापांसह द्याव्यात. यातली एकही गोष्ट चित्रकाराच्या प्रतिभेवर बंधन घालत नाही. उलट त्याला पकडायला काहीतरी मिळते.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. पैसे माझे, घर माझे, रोज बघायचे मला. मग मीच गप्प का बसू? गप्प बसू नये, पण बोलण्याची जागा ओळखावी. काम देणाऱ्याचा सर्वांत मोठा अधिकार म्हणजे चित्रकार निवडणे. त्याचे मागच्या पाच-सहा वर्षांतले काम प्रत्यक्ष पाहावे, त्याने केलेली एखादी भिंत जाऊन बघावी, आणि ज्याचा हात आवडतो त्यालाच बोलवावे. एकाला निवडून दुसऱ्यासारखे काढून मागणे हा दोघांवरही अन्याय आहे. दुसरा अधिकार नकाराचा. काळा रंग नको, घरात कुणाला चकाकी सोसत नाही, वास्तुशास्त्र मानणाऱ्या आईला या दिशेला लाल नको आहे, हे सगळे आधी सांगितले तर त्या अटीच आहेत आणि कोणताही समजूतदार चित्रकार त्या पाळतो. ब्रश चालू झाल्यावर सांगितल्या तर मात्र ती ढवळाढवळ होते. तिसरा अधिकार आराखडा पाहून होकार देण्याचा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे उदाहरण इथे घ्यावेसे वाटते. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिच्या इमारतीचे उद्घाटन झाले. संस्थेचे संस्थापक होमी भाभा स्वतः चांगले चित्रकार होते आणि संस्थेच्या निधीतला एक टक्का कलाकृतींवर खर्च करण्याची परवानगी त्यांनी मिळवली होती. प्रवेशदालनातल्या भिंतीसाठी त्यांनी अनेक चित्रकारांकडून आराखडे मागवले आणि एम. एफ. हुसेन यांचा निवडला. ‘भारत भाग्य विधाता’ हे सुमारे ४५ फूट लांब आणि ९ फूट उंच भित्तिचित्र अमूर्त नाही, त्यात माणसे आहेत. पण रीत शिकण्यासारखी आहे. भाभांसारख्या जाणकाराने आपले मत आराखडे निवडताना वापरले आणि त्यानंतर चित्रकाराला भिंत दिली. घरगुती कामातही हे जमते. दहास एक या प्रमाणातले दोन आराखडे मागावेत, त्यांचे पैसे वेगळे द्यावेत, आणि निवडलेल्या आराखड्यातला दोन-तीन फुटांचा एक तुकडा पूर्ण आकारात करून त्याच भिंतीवर आठवडाभर टेकवून ठेवावा. कागदावर नाजूक वाटणारी रेघ भिंतीवर दोराएवढी होते. ती त्या आठवड्यात पटली नाही तर बदलून घ्यावी. त्यानंतर हात मागे घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. अमूर्तच हवे तर छापून का घेऊ नये? आवडते चित्र निवडा, हव्या त्या मापात मोठे करा, दोन दिवसांत चिकटवा. याला मी सरसकट नाही म्हणणार नाही. भाड्याच्या जागेत, ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा तीन वर्षांनी बदलणाऱ्या दुकानात छापील काम शहाणपणाचे आहे. पण मोठे केलेले चित्र आणि मोठे काढलेले चित्र यांत मूलभूत फरक असतो. दोन फुटांच्या कागदावर फटकारा मनगटातून येतो. वीस फुटांच्या भिंतीवर तो खांद्यातून, कधी चालत चालत येतो. कागदावरचा फटकारा दहापट केला तर त्याची कड सैल पडते, रंगाचा दाट-विरळपणा सपाट होतो आणि डोळ्याला कुठेतरी खोटे वाटत राहते, कारण कळले नाही तरी. हाताने रंगवलेल्या भिंतीजवळ गेले की नवे काही दिसते, लांब गेले की वेगळे. छापील भिंतीजवळ गेले की ठिपके दिसतात. आणि ‘अमूर्त काय, कुणीही काढेल’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा दहा फूट रुंद भिंतीवर, डाव्या खिडकीचा उजेड आणि उजव्या दाराची पोकळी तोलून धरतील असे तीनच रंग लावून पाहावेत.

पैशांच्या बाबतीत चौरस फुटाचा दर विचारण्याची आपल्याला सवय आहे, कारण फरशी आणि रंगकाम तसेच मोजतात. भित्तिचित्राला हा हिशेब नीट बसत नाही. आराखड्याची मेहनत लहान भिंतीला आणि मोठ्या भिंतीला जवळजवळ सारखीच लागते. शिवाय पायाचे काम, परांची, फर्निचर झाकणे, वाहतूक, मदतनीस आणि कर हे वेगळे असतात. म्हणून एकूण रक्कम ठरवून ती टप्प्यांत द्यावी : आराखड्याला काही, काम सुरू करताना इसार, अर्ध्यावर काही, आणि शेवटचा हप्ता काम पूर्ण झाल्यावर. किती फेरबदल विनामूल्य, हेही लिहून काढावे.

करारात दोन गोष्टी बहुतेक वेळा राहून जातात आणि त्याच पुढे भांडणाचे मूळ होतात. पहिली नोंदीची. आर्शिल गॉर्की याने १९३० च्या दशकात नेवार्क विमानतळासाठी केलेल्या दहा अमूर्त भित्तिचित्रांवर पुढे भिंतीचा रंग फासला गेला. १९७० च्या दशकात शोध घेतला तेव्हा रंगाच्या थरांखालून दोनच हाती आली. भिंतीवर काय आहे, कुणी केले, कोणते रंग, कोणते वॉर्निश, कशाने पुसायचे, याचा कागद चित्रासोबत नसेल तर पुढचा रंगारी त्यावर हात मारणारच. दुसरी गोष्ट हक्काची. पैसे देऊन करून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, उलट करार नसेल तर, कायद्याने काम देणाऱ्याकडे येतो; चित्रकाराला तो स्वतःकडे ठेवायचा असेल तर तसे करारात लिहावे लागते. म्हणून ते चित्र दिनदर्शिकेवर किंवा कंपनीच्या जाहिरातीत छापता येईल का, हे आधीच लिहून ठेवावे. पण कॉपीराइट कुणाकडेही असला तरी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ कलाकाराला आपल्या कृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देते. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सेहगल यांनी सरकारसाठी ब्रॉन्झचे भव्य भित्तिशिल्प केले होते, सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच. १९७९ मध्ये नूतनीकरण करताना ते त्यांना न विचारता उतरवून कोठारात टाकले गेले आणि त्याची मोडतोड झाली. सेहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मालकाला आपल्या घराची भिंत पाडायचीच वेळ येऊ शकते, हे कलाकारालाही कळते. वाद टाळायचा तर सही करण्याच्या दिवशीच एवढे लिहून ठेवावे : भिंत हलवायची, पाडायची किंवा पुन्हा रंगवायची झाल्यास चित्रकाराला निदान दोन महिने आधी लेखी कळवले जाईल, चित्राची पूर्ण छायाचित्रे घेण्याची संधी त्याला मिळेल, आणि चित्र काढून नेता येण्याजोगे असेल तर ते स्वखर्चाने परत घेण्याचा पहिला हक्क त्याचा राहील.